वाचकांचे प्रश्न: पोर्टला हात कोणी लावायचा आणि कुठपर्यंत

यावेळी आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात. प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, हार्डवेअरच्या पोर्टवर (डिव्हाइसशी बोलायच्या नंबर दिलेल्या जागेवर) थेट लिहायचं का, आणि लिहू द्यायचं असेल तर कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, ते कुठे अडवायचं? म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. काही उत्तरं लांबलीत, कारण हा विषय वरवर सांगितला की नेमक्या जागी चुकतो. बहुतेक चर्चा एक्स८६ ची, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची आहे, एआरएम (बहुतेक फोनमधले प्रोसेसर) शेवटाकडे येतो. पोर्टचे नंबर सगळीकडे हेक्समधले, म्हणजे १६ च्या पायाचे आहेत.

प्रश्न: स्वतःचा छोटा ३२ बिट कर्नल लिहितेय. यूजर प्रोग्रॅम रिंग ३ मधे (सगळ्यात कमी अधिकाराच्या पातळीत, कर्नल रिंग शून्यमधे) चालतो, आयओपीएल (कितव्या रिंगपर्यंत पोर्ट खुले ते सांगणारा आकडा) शून्य आहे, परवानगीच्या बिटमॅपला (दर पोर्टला एक बिट असलेल्या तक्त्याला) मी अजून हातही लावलेला नाही. तरी तो प्रोग्रॅम किबोर्डचा हेक्स ६० पोर्ट आरामात वाचतो, टायमरचा ४० पण वाचतो, आणि सिरियलच्या ३एफ८ ला गेला की लगेच १३ नंबरचा (संरक्षण मोडल्याचा) फॉल्ट येतो. एकतर सगळे पोर्ट बंद असायला हवेत नाहीतर सगळे उघडे, हे अर्धवट कसं काय होतंय?

उत्तर: बिटमॅपला तुम्ही हात लावला नाही, तिथेच गडबड आहे, कारण प्रोसेसरच्या मते तुमच्याकडे बिटमॅप आहे. कसं ते बघा. इन किंवा आउट (पोर्ट वाचायची किंवा लिहायची) इन्स्ट्रक्शन आली की प्रोसेसर आधी बघतो, चालू रिंगचा नंबर आयओपीएल एवढा किंवा त्याहून कमी आहे का. असेल तर विषय संपला, सगळे पोर्ट खुले. तुमच्याकडे ३ आणि शून्य, म्हणजे तिथे अडलं. पण तेवढ्यावर लगेच फॉल्ट येत नाही, प्रोसेसर मग टीएसएसमधे, म्हणजे कर्नलने प्रोसेसरसाठी मेमरीत ठेवलेल्या टास्कच्या माहितीच्या तक्त्यात जातो, तिथे १०२ व्या बाइटपासून १६ बिटचा एक आकडा असतो, बिटमॅप टीएसएसच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे ते सांगणारा, आणि त्या जागेवरून तो पोर्टचा बिट तपासतो. बिट शून्य असेल तर जाऊ देतो, एक असेल तर फॉल्ट.

आता तुम्ही नक्की टीएसएस मेमसेटने शून्य केला असणार, ईएसपी० आणि एसएस० (कर्नल स्टॅकचा पत्ता आणि सेगमेंट) भरले असणार आणि पुढे गेला असणार. म्हणजे १०२ व्या जागीही शून्यच राहिलं, आणि त्याचा अर्थ बिटमॅप नाही असा होत नाही, बिटमॅप टीएसएसच्या पहिल्याच बाइटपासून सुरू होतो असा होतो! मग प्रोसेसर तुमचाच टीएसएस परवानगीचा तक्ता म्हणून वाचायला लागतो. हेक्स ६० म्हणजे ९६, भागिले ८ केलं की बाइट १२. टीएसएसमधे १२ ते १५ या बाइटांत ईएसपी१ (रिंग १ च्या स्टॅकचा पत्ता) असतो, रिंग १ कोणी वापरत नाही, म्हणून तिथे शून्य, म्हणून ६० पासून ७एफ पर्यंतचे सगळे पोर्ट खुले. किबोर्ड त्यातच आणि सीमॉसचे (घड्याळ आणि सेटिंग्जच्या चिपचे) ७०-७१ पण त्यातच. हेक्स ४० म्हणजे बाइट ८, तिथे एसएस०, त्यात तुम्ही हेक्स १० टाकलं असेल तर फक्त पाचवा बिट एक होतो, म्हणजे ४४ बंद पण ४० ते ४३ उघडे, आणि टायमर नेमका तिथेच बसलाय. ३एफ८ चं गणित केलं की बाइट १२७ येतो, तो टीएसएसच्या १०३ च्या लिमिटबाहेर (लिमिट म्हणजे शेवटच्या बाइटचा नंबर), म्हणून तेवढा फॉल्ट आला.

आणि हे किबोर्ड-टायमरवर थांबत नाही. हेक्स २० म्हणजे बाइट ४, तिथे ईएसपी० चा सगळ्यात खालचा बाइट असतो. कर्नल स्टॅक पेजवर अलाइन केलेला असेल तर तोही शून्य. म्हणजे कोणताही यूजर प्रोग्रॅम इंटरप्ट कंट्रोलरला लिहून तुमचे इंटरप्ट (डिव्हाइसकडून येणाऱ्या हाका) मास्क, म्हणजे बंद करू शकतो, टायमरचा सुद्धा, मग शेड्यूलर (प्रोसेसना पाळी देणारा) कधी जागाच होणार नाही. उपाय एका ओळीचा आहे, १०२ व्या जागी १०४ टाका आणि जीडीटीतल्या (सेगमेंटच्या तक्त्यातल्या) टीएसएसच्या डिस्क्रिप्टरचं लिमिट १०३ राहू द्या. बिटमॅपची सुरुवात लिमिटच्या पलीकडे गेली की प्रोसेसर बिटमॅप नाहीच असं मानतो आणि सगळेच पोर्ट बंद होतात. नंतर टेस्ट म्हणून मुद्दाम ६० वाचा, फॉल्ट आलाच पाहिजे. ही टेस्ट कायमची ठेवा, कारण हा दोष गप्प बसणारा आहे, तुम्हाला सिरियलचा फॉल्ट दिसला म्हणून कळलं तरी.

प्रश्न: बिटमॅप खरंच वापरायचा झाला तर प्रत्येक प्रोसेसला ८ केबी द्यायचे आणि दर स्विचला (प्रोसेस बदलली की) कॉपी करायचे का? आणि शेवटी एक जास्तीचा एफएफ बाइट ठेवा म्हणतात तो कशाला?

उत्तर: पोर्ट ६५५३६, प्रत्येकाला एक बिट, म्हणून पूर्ण बिटमॅप ८१९२ बाइटचा, पण पूर्णच ठेवायला हवा असं काही नाही. समजा एका प्रोसेसला पॅरलल पोर्टचे ३७८, ३७९ आणि ३७ए एवढे तीनच द्यायचेत. ३७८ म्हणजे ८८८, भागिले ८ केलं की नेमके १११, बाकी शून्य. तेव्हा बाइट ० ते ११० सगळीकडे एफएफ, आणि १११ व्या बाइटात खालचे तीन बिट शून्य करायचे, तिथे एफ८ येतो. त्यापुढे काही नको, कारण लिमिटबाहेरचे पोर्ट आपोआप बंदच असतात. म्हणजे ११२ बाइटांत काम झालं.

फक्त त्याच्या मागे तो एक एफएफ हवा. प्रोसेसर प्रत्येक तपासणीला दोन बाइट एकदम वाचतो, कारण दोन किंवा चार बाइटांचा अ‍ॅक्सेस असेल तर त्याचे बिट दोन बाइटांत विभागले जाऊ शकतात, आणि तो दुसरा बाइट लिमिटबाहेर पडला तर बिट शून्य असूनही फॉल्ट येतो. टीएसएसचे १०४, बिटमॅपचे ११२ आणि हा एक, एकूण २१७, म्हणून लिमिट २१६. डिस्क्रिप्टरमधलं लिमिट जुनंच १०३ राहून गेलं तर बिटमॅप कितीही बरोबर भरला तरी प्रोसेसर तो बघणारच नाही. अजून एक, वरच्या तीन पोर्टांची परवानगी असताना कोणी ३७ए वर दोन बाइटांचा आउट केला तर तो अडतो, कारण ३७ए आणि ३७बी दोन्हीचे बिट बघितले जातात आणि ३७बी बंद आहे. हे अगदी बरोबर आहे, त्याला बग समजून परवानगी वाढवत बसू नका.

कॉपीचं म्हणाल तर बहुतेक प्रोसेसना पोर्ट लागतच नाहीत, त्यामुळे पोर्टवाली प्रोसेस बाहेर गेली आणि साधी प्रोसेस आत आली की बिटमॅप पुसायचा नाही, १०२ व्या जागचा आकडा लिमिटच्या पलीकडचा करून टाकायचा, एवढ्या एका लिहिण्यात सगळे पोर्ट बंद होतात. तीच पोर्टवाली प्रोसेस परत आली आणि मधे दुसऱ्या कोणाचा बिटमॅप टीएसएसमधे आलेला नसेल तर कॉपी करायचीही गरज नाही, आकडा परत जागेवर आणला की झालं. लिनक्स असंच करतो. पण यात जीव अडकलेला असतो तो त्या बंद करण्यात, देण्यात नाही. लिनक्स ५.५ ते ५.७.९ मधे झेन या हायपरवायझरच्या (एका मशीनवर अनेक सिस्टीम चालवणाऱ्याच्या) पीव्ही प्रकारच्या गेस्टवर नेमकं हेच फसलं होतं. कर्नलने आपल्या बाजूने बिटमॅप बंद केला पण झेनला ते कळवलंच गेलं नाही, खरी तपासणी झेन करत होता, आणि मग एका टास्कचे पोर्ट भलत्याच टास्कला मिळू शकत होते. सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२०-१५८५२ या नंबरने त्याची नोंद आहे. तुमच्या कर्नलमधे परवानगी देणारा कोड दोनदा तपासत असाल तर काढून घेणारा चारदा तपासा, प्रोसेस मरते तेव्हाचा रस्ताही त्यात धरा.

प्रश्न: यूजर प्रोग्रॅमने पॉपएफ (स्टॅकवरून फ्लॅग भरणारी इन्स्ट्रक्शन) करून फ्लॅगमधले आयओपीएलचे दोन बिट स्वतःच ३ करून घेतले तर?

उत्तर: होत नाही. ते दोन बिट, म्हणजे १२ आणि १३, फक्त रिंग शून्यच बदलू शकते. यूजर मोडमधून पॉपएफ केलं तर फॉल्टही येत नाही, बाकीचे साधे फ्लॅग बदलतात आणि हे दोन जसेच्या तसे राहतात, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं की झालं काम. मात्र सिस्टीम कॉलमधून परतताना किंवा सिग्नल हँडलरमधून परतताना कर्नल स्वतः यूजरच्या स्टॅकवरून फ्लॅग उचलून आयरेट (यूजरकडे परतायची इन्स्ट्रक्शन) करत असेल तर तो रिंग शून्यमधून करतोय, तिथे हे बिट मास्क केले नाहीत तर तुम्हीच दार उघडून दिलं असं होईल.

प्रश्न: मोजमापाचं एक जुनं यंत्र पॅरलल पोर्टवर आहे. त्याचा प्रोग्रॅम लिनक्सवर रूट म्हणून चालवावा लागतो कारण आयओपर्म (ठरावीक पोर्टांची परवानगी मागायचा सिस्टीम कॉल) रूटशिवाय चालत नाही. सहकारी म्हणतात सरळ आयओपीएल ३ कर, कटकट संपेल. करू का?

उत्तर: नको, अजिबात नको. तुम्हाला तीन पोर्ट हवेत आणि आयओपीएल ३ ने ६५५३६ मिळतात, त्यात काय काय आहे ते बघा. सीएफ८ आणि सीएफसी या जोडीतून पीसीआयचं (कार्डं जोडायच्या बसचं) कॉन्फिगरेशन बदलता येतं, म्हणजे एखाद्या कार्डाचे पत्ते हलवणं किंवा त्याला डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचणं-लिहिणं) चालू करून देणं, आणि डीएमए हातात आला की मेमरीचं संरक्षण कागदावरच राहतं. अनेक मशीनवर सीएफ९ वर एक बाइट लिहिला की मशीन रिसेट होतं. पूर्वी तर आयओपीएल ३ सोबत सीएलआय करायची मुभाही मिळायची, म्हणजे साधी प्रोसेस इंटरप्ट बंद करून अख्खा कोअर अडकवू शकायची. जानेवारी २०२० मधे आलेल्या लिनक्स ५.५ पासून ते बंद झालं, आता कर्नल खरा आयओपीएल देतच नाही, सगळे बिट शून्य असलेला बिटमॅप लावून तसाच परिणाम देतो. सुधारणा चांगली आहे, पण पोर्ट तरी सगळे उघडतातच.

कमी परवानगीचा एक फायदा फार कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ग्लिबसीमधे (लिनक्सच्या सी लायब्ररीत) आउटबीला (पोर्टवर एक बाइट लिहिणाऱ्या फंक्शनला) आधी व्हॅल्यू आणि मग पोर्ट द्यायचा असतो, जुन्या डॉसच्या कंपायलरांत आधी पोर्ट आणि मग व्हॅल्यू असायची. जुना कोड आणताना ही अदलाबदल हमखास राहून जाते. समजा ३७८ वर ५५ लिहायचं होतं आणि उलटं लिहिलं गेलं, तर ३७८ चा बाइटात मावणारा भाग, म्हणजे ७८, तो ५५ नंबरच्या पोर्टवर जाईल. आयओपर्मने तीनच पोर्ट उघडले असतील तर प्रोग्रॅम जागेवर सेगफॉल्ट होऊन पडेल आणि पाच मिनिटांत चूक सापडेल. आयओपीएल ३ असेल तर काहीच होणार नाही, चुकीच्या जागी बाइट जात राहील, यंत्र हलणार नाही आणि तुम्ही केबल बदलत बसाल.

तेव्हा करायचं असं. प्रोग्रॅम सुरू होताच ३७८ पासून ३ पोर्टांसाठी आयओपर्म करा, रिटर्न व्हॅल्यू तपासा, आणि लगेच आधी ग्रुप, मग यूजर बदलून साधे यूजर व्हा. दिलेले पोर्ट तसेच राहतात, कॅप-सिस-रॉआयओ ही कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारातला एक तुकडा) फक्त परवानगी मागण्याच्या क्षणी लागते, नंतरच्या प्रत्येक इन-आउटला नाही. परवानगी ज्या थ्रेडने मागितली त्याला मिळते, आधीपासून चालू असलेल्या बाकीच्या थ्रेडना नाही, म्हणून पोर्टचं काम त्याच थ्रेडमधे ठेवा. नवीन मशीनवर सिक्युअर बूट चालू असेल आणि कर्नल लॉकडाउनमधे (रूटलाही कर्नलला हात लावू न देणाऱ्या मोडमधे) असेल, ५.४ पासून ही सोय आहे, तर आयओपर्म रूटलाही नकार देतो, त्याला प्रोग्रॅममधली चूक समजू नका.

खरं तर पॅरलल पोर्टसाठी मी आयओपर्मच्याही आधी पीपीडेव्ह (लिनक्सचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर) सुचवेन. पॅरपोर्ट० ही डिव्हाइस फाईल उघडायची, क्लेमचा आयऑक्टल (पोर्ट आपल्या ताब्यात घेणारा कॉल) करायचा आणि डेटा लिहायचा. रूट लागत नाही, फाईलची ग्रुप परवानगी पुरते, आणि दुसरा प्रोग्रॅम किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच वेळी मधे घुसत नाही. आयओपर्म तो पोर्ट आधीच कोणा ड्रायव्हरकडे आहे का हे बघतसुद्धा नाही, दोघंही लिहीत बसतात. वेग कमी पडेल अशी भीती असेल तर आधी मोजा, या जुन्या पोर्टांचा एक इन किंवा आउटच जवळपास एक मायक्रोसेकंद घेतो, त्यामुळे सिस्टीम कॉलचा भार वाटतो तेवढा जड पडत नाही.

प्रश्न: मला फक्त घड्याळ वाचायचंय. प्रोसेसला ७० आणि ७१ एवढे दोनच पोर्ट दिले तर काय बिघडणार?

उत्तर: तुम्ही दोन पोर्ट दिलेत पण घड्याळ वाचण्याएवढंच दिलं असं नाही, बिटमॅपची मर्यादा इथे अगदी स्वच्छ दिसते. ७० वर रजिस्टरचा नंबर लिहायचा आणि ७१ वरून त्याची किंमत वाचायची, अशी ती जोडी आहे. बिटमॅपला पोर्ट कळतो, त्यावर काय लिहिलं जातंय ते कळत नाही, आणि वाचणं-लिहिणं हा फरकही कळत नाही. म्हणजे सेकंद वाचणारी प्रोसेस त्याच दोन पोर्टांतून तारीख बदलू शकते, सीमॉसमधल्या सेटिंग्ज खराब करू शकते, आणि ७० वर लिहिलेल्या बाइटाचा सगळ्यात वरचा बिट एनएमआय (एरवी मास्क न होणारा इंटरप्ट) बंद करतो, म्हणजे मेमरीच्या चुकीसारखी गंभीर सूचनाही दाबली जाऊ शकते. शिवाय कर्नलही हीच जोडी वापरतो. तुमच्या प्रोसेसने ७० वर नंबर लिहिला आणि ७१ वाचायच्या आत कर्नलने दुसरा नंबर लिहिला तर तुम्हाला भलतंच काहीतरी मिळेल, आणि उलटं झालं तर कर्नलला. कर्नलचं लॉक तुमच्या प्रोसेसला घेता येत नाही. आरटीसीची, म्हणजे घड्याळाची डिव्हाइस फाईल वापरा. पोर्टवर जाणाऱ्या बाइटाचा अर्थ ड्रायव्हरला माहीत असतो, म्हणून तपासणी तिथेच व्हायला हवी. बिटमॅपवर भरवसा ठेवायचा तो ज्या डिव्हाइसचे सगळे पोर्ट एकाच प्रोसेसच्या हातात गेले तरी चालतील अशाच ठिकाणी.

प्रश्न: मग देव फोल्डरमधल्या पोर्ट नावाच्या फाईलला ग्रुप परवानगी देऊन काम होईल का?

उत्तर: नाही. ती फाईल उघडतानाही कॅप-सिस-रॉआयओ लागते, नुसत्या चमॉडने भागत नाही, आणि उघडली गेलीच तर पोर्टांची अख्खी जागा उघडते. एखादा बाइट बघण्यापुरतं ठीक आहे, कायमच्या प्रोग्रॅममधे नको.

प्रश्न: एआरएमवर इन-आउटच नाही, मग तिथे हे सगळं कशाने होतं?

उत्तर: तिथे आणि रिस्क-फाइव्हवरही डिव्हाइसची रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवर असतात, तेव्हा परवानगीचं काम पेज टेबल (प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा) करतं. प्रोसेसच्या नकाशात ते पेज नसेल तर ती पोचूच शकत नाही. फरक पडतो तो मापात. एक्स८६ वर एकेक पोर्ट वेगळा देता येतो, इथे कमीत कमी एक पेज, म्हणजे बहुतेक वेळा ४०९६ बाइट, आणि त्याच पेजवर शेजारच्या डिव्हाइसची रजिस्टरं असली तर तीही सोबत जातात. काही चिपमधे प्रत्येक ब्लॉकला आपलं वेगळं पेज दिलेलं असतं, तिथे हा त्रास होत नाही. डिव्हाइस डीएमए करणारं असेल तर पेज टेबल पुरत नाही, कारण डिव्हाइस स्वतः मेमरीत लिहितं आणि त्याला प्रोसेसचं पेज टेबल लागू नसतं. तिथे आयओएमएमयू (डिव्हाइस मेमरीत कुठे पोचू शकतं ते अडवणारं हार्डवेअर) हवं आणि लिनक्सवर ते वापरून डिव्हाइस प्रोसेसला द्यायला व्हीएफआयओ आहे. यूआयओ ही लिनक्सची तशीच दुसरी सोय सोपी आहे पण ते डीएमएला आवर घालत नाही, म्हणून डीएमए न करणाऱ्या साध्या कार्डापुरतंच वापरा.

प्रश्न: मायक्रोकर्नलमधे (कर्नल अगदी लहान ठेवायच्या रचनेत) ड्रायव्हरच प्रोसेस असतात. त्यांना पोर्ट कसे देतात, आणि ड्रायव्हर मधेच मेला तर?

उत्तर: मिनिक्स ३ मधे ड्रायव्हर स्वतः इन-आउट करत नाही, कर्नलला विनंती करतो. कर्नलकडे त्या ड्रायव्हरच्या नावावर कोणत्या पोर्टांची रेंज आहे त्याची नोंद असते, ती तपासून कर्नलच बाइट लिहितो, रेंजबाहेर असेल तर एरर परत. दर बाइटाला एक कर्नल कॉल महाग पडतो म्हणून बऱ्याच पोर्टांची विनंती एकदम पाठवायची सोयही आहे. एसईएल४ या मायक्रोकर्नलमधे पोर्टांच्या रेंजची कॅपॅबिलिटी (इथे अर्थ, कर्नलने सांभाळलेलं हक्काचं टोकन) असते, ती ज्याच्याकडे आहे तोच कर्नलकडून त्या पोर्टवर इन-आउट करवून घेऊ शकतो, आणि ज्याने ती दिली तो ती परतही घेऊ शकतो. बिटमॅपपेक्षा हे हळू आहे, पण मला हीच रचना जास्त पटते, कारण परवानगी कोणाला दिली, कुठून आली आणि काढली का, हे सगळं एका जागी सापडतं.

ड्रायव्हर मेला की त्याचे पोर्ट काढून घेणं कर्नलला सोपं आहे. अवघड असतं ते डिव्हाइसचं. जुन्या ड्रायव्हरने डिस्क कंट्रोलरला अर्धी कमांड दिलेली असते, इंटरप्ट यायचा बाकी असतो, कदाचित डीएमएही चालू असतो, आणि हार्डवेअरला प्रोसेस मेली हे कळत नाही. म्हणून डिव्हाइस रिसेट होईपर्यंत जुन्याची डीएमएसाठीची मेमरी दुसऱ्या कोणाला देऊ नका, आणि नवीन ड्रायव्हरचं पहिलं काम डिव्हाइस रिसेट करून ते तयार झाल्याचं स्टेटस वाचणं हेच ठेवा. तोवर त्या लाइनचा इंटरप्ट मास्क करून ठेवलेला बरा, मात्र तीच लाइन दुसरं डिव्हाइसही वापरत असेल तर त्याच्या ड्रायव्हरला तेवढा वेळ थांबावं लागेल, ते आधीच हिशोबात धरा.